फितूर न होणारा साक्षीदार

मोटारीखाली माणूस चिरडला गेला की या देशात दोन शर्यती एकाच क्षणी सुरू होतात. एक शर्यत जखमीला रुग्णालयात पोहोचवण्याची, दुसरी पुरावा नाहीसा करण्याची. पहिल्या शर्यतीत रस्त्यावरचे चार भले लोक धावतात. दुसरीत पैसा, वशिला आणि कायद्याच्या पळवाटा धावतात. पहिली शर्यत अनेकदा हरली जाते. दुसरी क्वचितच हरली जाते, हे सर्वसामान्य माणसाला अनुभवाने ठाऊक झाले आहे. म्हणूनच एखाद्या आलिशान मोटारीने पदपथावर झोपलेल्या मजुरांना चिरडल्याची बातमी वाचताना त्याच्या मनात ‘शिक्षा किती होईल?’ हा प्रश्न येतच नाही. ‘आता सुटणार कसा?’ हाच प्रश्न येतो. न्यायावरचा विश्वास असा कणाकणाने झिजणे ही कोणत्याही समाजाच्या दृष्टीने अपघातापेक्षा मोठी आपत्ती आहे.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडली. दिवसाला सरासरी ४६२. यातील सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंचे कारण ‘अतिवेग’ असे नोंदलेले आहे. सरकारी तक्त्यात ‘अतिवेग’ हा शब्द लिहिणे सोपे असते. एका विशिष्ट रात्री, एका विशिष्ट वळणावर, एका विशिष्ट मोटारीचा वेग नेमका किती होता, हे न्यायालयात सिद्ध करणे मात्र महाकठीण. ते सांगणार कोण? मेलेला माणूस सांगू शकत नाही. चालक सांगणार नाही. पाहणारा भीतीने गप्प बसतो किंवा पैशाने गप्प केला जातो.

उरते ती स्वतः मोटार. आजच्या मोटारीला स्मरणशक्ती आहे आणि ती खोटे बोलत नाही. तिला विचारण्याची तसदी मात्र आपली तपासयंत्रणा क्वचितच घेते. या लेखाचे गाऱ्हाणे एवढेच आहे.

साक्षीदारांचा इतिहास

जुन्या प्रकरणांची उजळणी येथे आवश्यक आहे. १० जानेवारी १९९९ च्या पहाटे दिल्लीच्या लोधी कॉलनीत एका बीएमडब्ल्यू मोटारीने सहा जणांचा बळी घेतला. त्यात तीन पोलीस होते. कायद्याचे रक्षकच चिरडले गेले असताना तरी खटला चोख चालेल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात काय झाले? त्या धडकेतून वाचलेला जखमीच न्यायालयात उलटला. मोटारीने नव्हे, ट्रकने धडक दिली, अशी कहाणी पुढे आली. २००७ मध्ये एका वृत्तवाहिनीच्या छुप्या चित्रीकरणातून एका महत्त्वाच्या साक्षीदाराला फिरवण्याचे प्रयत्न उघड झाले आणि त्या प्रकरणात नामांकित वकिलांवर न्यायालयाच्या अवमानाचा ठपका आला. सर्वोच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाचे कलम पुन्हा लागू केले ते ऑगस्ट २०१२ मध्ये. तोपर्यंत तेरा वर्षे उलटली होती.

२८ सप्टेंबर २००२ च्या पहाटे मुंबईत वांद्रे येथे अभिनेता सलमान खान यांची लँड क्रूझर रस्त्याकडेला झोपलेल्यांवर चढली. एक ठार, चार जखमी. तो खटलाही तेरा वर्षे चालला आणि मुख्य वाद राहिला तो गाडी कोण चालवत होते याचाच. मे २०१५ मध्ये सत्र न्यायालयाने अभिनेत्याला दोषी ठरवले. डिसेंबर २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने पुरावा संशयातीत नसल्याचे सांगून निर्दोष मुक्त केले. न्यायालयाला दोष देण्याचे कारण नाही. पुरावा संशयातीत नसेल तर आरोपीला सोडणे हा न्यायाचाच धर्म आहे. मधल्या काळात, २००७ मध्ये, या खटल्याचा प्रमुख साक्षीदार असलेला पोलीस शिपाई मरण पावला होता. माणसाच्या साक्षीवर उभारलेला खटला माणसाबरोबरच खचतो, एवढेच येथे ध्यानात घ्यायचे.

१२ नोव्हेंबर २००६ रोजी वांद्र्याच्याच कार्टर रस्त्यावर सात मजूर चिरडले गेले. सत्र न्यायालयाने सहा महिन्यांची शिक्षा दिली तेव्हा जनक्षोभ उसळला. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन ती तीन वर्षांवर नेली आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर शिक्कामोर्तब केले.

आणि १९ मे २०२४ ची पुण्याच्या कल्याणीनगरातील पहाट कोण विसरेल? पोर्शे मोटारीच्या धडकेत दोन तरुण संगणक अभियंते ठार झाले. चालवणारा अल्पवयीन असल्याचे पोलिसांनी सांगितले. जामिनाची एक अट म्हणून तीनशे शब्दांचा निबंध लिहावयास सांगण्यात आल्याचे वाचून अवघा महाराष्ट्र अवाक झाला. पुढे रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयातील डॉक्टरांना अटक झाली. घरच्या चालकाने गुन्हा अंगावर घ्यावा म्हणून त्याच्यावर दबाव आणल्याचाही आरोप ठेवला गेला. या आरोपांचा निवाडा न्यायालयच करील. परंतु आरोपांचे स्वरूप पाहिले तर एक गोष्ट लख्ख दिसते. साक्षीदार फिरवणे, चालक बदलणे आणि रक्त बदलणे या तिन्ही वाटा माणसांच्या हातून जातात आणि माणसाचा हात दाबता येतो. दोनच महिन्यांनी, ७ जुलै २०२४ रोजी, वरळीत कोळीवाड्यातील एका महिलेला बीएमडब्ल्यूने फरफटत नेले. आरोपी हाती लागला तो दोन दिवसांनी. दोन दिवसांनंतर रक्तात मद्य शोधणे म्हणजे वाहून गेलेल्या पाण्यात पावलांचे ठसे शोधणे.

रक्तातले मद्य काही तासांत उतरते. साक्षीदाराचे धैर्य काही महिन्यांत उतरते. मोटारीतील नोंद मात्र तशी उतरत नाही.

मोटारीच्या पोटातील पाच सेकंद

विमानातील ‘ब्लॅक बॉक्स’ सर्वांना ठाऊक आहे. १९५० च्या दशकात ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ डेव्हिड वॉरन यांनी ती कल्पना पुढे आणली. मोटारीतील त्याचे धाकटे भावंड म्हणजे ‘इव्हेंट डेटा रेकॉर्डर’. ही स्वतंत्र पेटी नसते. एअरबॅग केव्हा उघडायची हे ठरवणारे जे नियंत्रक यंत्र मोटारीत असते, त्याच्याच स्मृतीत ही नोंद राहते. भारतात २०१९ पासून नव्या मोटारींना चालकाची एअरबॅग आणि २०२२ च्या आरंभापासून शेजारच्या आसनाचीही एअरबॅग सक्तीची झाली. त्यामुळे हे नियंत्रक यंत्र आता श्रीमंतांच्या मोटारींपुरते राहिलेले नाही.

हे यंत्र प्रवासभर हेरगिरी करत बसत नाही. ते ताजी माहिती घेते आणि जुनी पुसते. ठरावीक तीव्रतेचा धक्का बसला की त्या क्षणाच्या आधीचे काही सेकंद ते गोठवून ठेवते. अमेरिकेच्या मूळ नियमानुसार हा काळ पाच सेकंदांचा. या पाच सेकंदांत मोटारीचा वेग किती होता, प्रवेगकावर पाय किती दाबलेला होता, ब्रेक दाबला की नाही, चालकाने पट्टा बांधला होता की नाही, धडकेने वेगात किती फरक पडला आणि एअरबॅग किती वेळात उघडली, हे त्यात सापडते. मोटार कोठून आली, आत कोण काय बोलत होते, यातले काहीही त्या नियमाने मागितलेल्या नोंदीत नसते. हा भेद नीट लक्षात ठेवावा, कारण पुढे आक्षेप घेणारे नेमका तोच पुसून टाकतात.

पाच सेकंद ही मुदत क्षुल्लक वाटेल. पण ताशी १२० किलोमीटर वेगाने धावणारी मोटार पाच सेकंदांत दीडशे मीटरहून अधिक अंतर कापते. एवढ्या अंतरात चालकाला माणूस दिसला की नाही, दिसल्यावर त्याचा पाय ब्रेकवर गेला की प्रवेगकावरच राहिला, हे कळते. निष्काळजीपणा आणि सदोष मनुष्यवध यांच्यातील सीमारेषा अनेकदा याच अंतरात आखलेली असते.

परदेशी न्यायालयांनी काय केले?

अमेरिकेत जनरल मोटर्सच्या गाड्यांतील ही नोंद वाचण्याचे साधन २००० च्या सुमारास बाजारात आले आणि लवकरच ती न्यायालयात पोहोचली. फ्लोरिडा राज्यात २००२ मध्ये घराच्या आवारातून मोटार बाहेर काढणाऱ्या दोन किशोरवयीन मुलींना एका भरधाव मोटारीने उडवले. वेगमर्यादा होती ताशी ३० मैल. धडक देणाऱ्या मोटारीच्या स्मृतीत आकडा निघाला ११४ मैल, म्हणजे ताशी सुमारे १८३ किलोमीटर. चालकाला तीस वर्षांची शिक्षा झाली. ही नोंद पुरावा म्हणून ग्राह्य धरू नये, हे त्याचे म्हणणे अपील न्यायालयाने २००५ मध्ये फेटाळले. कॅनडातील माँट्रियल येथे २००१ मध्ये झालेल्या एका धडकेत दुसरा चालक मरण पावला. वाचलेल्याने सांगितले की, मृतानेच लाल दिवा ओलांडला. पाहणारा कोणी नव्हता. मोटारीची नोंद काढली तेव्हा ५० किलोमीटरची मर्यादा असलेल्या रस्त्यावर त्याचा स्वतःचा वेग १५७ निघाला. मेलेल्या माणसावर दोष ढकलण्याची सोय त्या आकड्याने संपवली.

याहून बोलके उदाहरण मॅसॅच्युसेट्सचे आहे. नोव्हेंबर २०११ मध्ये त्या राज्याचे उपगव्हर्नर टिमोथी मरे यांची सरकारी मोटार उलटली. आपण वेगमर्यादेत होतो आणि पट्टा बांधला होता, असे त्यांनी आरंभी सांगितले. नोंदीने सांगितले की, वेग ताशी १०८ मैल होता आणि पट्टा बांधलेला नव्हता. त्यांना दंड भरावा लागला. त्याआधी २००७ मध्ये न्यू जर्सीचे गव्हर्नर जॉन कोर्झाइन जबर जखमी झाले तेव्हाही, पोलीस चालवत असलेली त्यांची मोटार ६५ मैलांच्या मर्यादेत ९१ मैलांनी धावत होती, हे यंत्रानेच उघड केले. सत्ताधाऱ्याची मोटार सत्ताधाऱ्याविरुद्ध साक्ष देते आणि ती साक्ष दडपली जात नाही. आपल्याकडे एखाद्या मंत्र्याच्या ताफ्याबाबत असे घडलेले कल्पनेत तरी आणून पाहावे.

युरोपीय संघाने जुलै २०२२ पासून नव्या प्रकारच्या मोटारींना आणि जुलै २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीला ही नोंद सक्तीची केली. मात्र तेथील नियमाने वाहनाची ओळख पटवणारा तपशील वगळला आणि या माहितीचा हेतू अपघातांचे संशोधन व विश्लेषण एवढाच ठेवला. म्हणजे यंत्र बसवायचे, पण त्याला कोणाचे नाव घेऊ द्यायचे नाही. हा अतिसावधपणा तेथे परवडत असेल. जेथे साक्षीदार बाजारात विकत मिळतो त्या देशाने त्याची नक्कल करण्याचे कारण नाही. अमेरिकेने डिसेंबर २०२४ मध्ये उलट दिशा धरली. पाच सेकंदांची नोंद वीस सेकंदांवर आणि सेकंदाला दोन नोंदींऐवजी दहा, असा नियम तेथील महामार्ग सुरक्षा प्रशासनाने केला.

पंचनाम्यातील पोकळी

आता आपल्या पोलीस ठाण्याकडे वळू. अपघात झाला की हवालदार फीत धरून रस्ता मोजतो, टायर घासल्याच्या खुणा पंचनाम्यात लिहितो. मोटार वाहन निरीक्षक ब्रेक चालतात की नाही हे पाहून दाखला देतो. या जुन्या पद्धतीतून वेगाचा अंदाज बांधला जातो. परंतु एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना चाके न अडकू देणारी ‘एबीएस’ ब्रेकप्रणाली सक्तीची झाली. अशा मोटारीच्या ब्रेकच्या खुणा रस्त्यावर फिकट उमटतात किंवा उमटतच नाहीत. रस्त्यावरचा पुरावा मोटारीच्या स्मृतीत जाऊन बसला आणि तपास मात्र फीत धरून रस्त्यावरच वाकलेला राहिला.

पुढचा टप्पा याहून शोचनीय. जप्त वाहन ठाण्याच्या आवारात गंजू नये म्हणून न्यायालय ते सुपुर्तनाम्यावर मालकाच्या ताब्यात देते. हेतू चांगला आहे. पण मोटार तेथून थेट गॅरेजमध्ये जाते. एअरबॅग उघडलेली असेल तर तिचे नियंत्रक यंत्र बदलावेच लागते; जुने यंत्र काढून भंगारात टाकले जाते. त्याबरोबर ते पाच सेकंदही भंगारात जातात. कोणाला लाच द्यावी लागत नाही, कोणाला धमकावे लागत नाही. पुरावा कायदेशीर मार्गाने, दुरुस्तीच्या पावतीसह नष्ट होतो!

नवे कायदेही येथे अडखळतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७६ व्या कलमाने सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे बंधनकारक करण्याची तरतूद केली, हे स्वागतार्ह पाऊल आहे. पण निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या १०६ (१) कलमाखाली शिक्षा कमाल पाच वर्षांची. म्हणजे बहुतेक अपघाती मृत्यू या तरतुदीच्या बाहेरच राहतात. सदोष मनुष्यवधाचे कलम लावायचे तर पुरावा हवा, आणि पुरावा हवा तर तज्ज्ञ हवा. तज्ज्ञ मात्र सदोष मनुष्यवधाचे कलम लागल्यावरच बंधनकारक! या चक्रात सापडतो तो मृताचा बाप, ठाण्याच्या बाकावर बसलेला.

एक विसंगती तर हास्यास्पद आहे. वेगमर्यादा ओलांडली म्हणून हजार-दोन हजारांचा दंड कॅमेऱ्याच्या साक्षीने थेट मोबाईलवर येतो आणि नागरिक तो भरतो. दंडाच्या पावतीसाठी यंत्राची साक्ष पुरेशी. आणि माणूस मेल्यावर मात्र यंत्राला विचारायचेच नाही, ही कोणती दंडनीती?

किल्ली कोणाच्या हाती?

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या मोटारीला अपघात झाला. मर्सिडीज कंपनीने आपल्या अहवालात सांगितले की, मोटार ताशी १०० किलोमीटर वेगाने धावत होती, धडकेपूर्वी पाच सेकंद ब्रेक दाबला गेला आणि धडकेच्या वेळी वेग ८९ होता. अचूक माहिती मिळाली. परंतु ती उलगडण्यासाठी जर्मनीची वाट धरावी लागल्याचे तेव्हा सांगण्यात आले. महाराष्ट्राच्या भूमीवर मृत्यू घडतो, गुन्हा महाराष्ट्राच्या पोलीस ठाण्यात नोंदला जातो आणि पुरावा वाचण्याची किल्ली परदेशी कारखान्यात असते. देशातला नामवंत उद्योगपती होता म्हणून ती यंत्रणा हलली. पालघरचा एखादा आदिवासी सायकलस्वार असता तर कोणती कंपनी आणि कोणती जर्मनी?

शिवाय ज्या कंपनीची मोटार, तिनेच पुरावा वाचायचा, हे तत्त्वतःही अयोग्य आहे. दोष मोटारीच्या ब्रेकमध्ये असेल तर ती कंपनी स्वतःविरुद्ध साक्ष किती मोकळेपणाने देईल? अमेरिकेने २००६ मध्ये केलेल्या नियमांतच बंधन घातले की, नोंद वाचण्याचे साधन कंपनीने बाजारात उपलब्ध असल्याची हमी द्यावी. जगातला प्रत्येक मोठा उत्पादक तेथे हे बंधन पाळतो. मग भारतासारखी प्रचंड बाजारपेठ तीच अट का घालू शकत नाही? येथे मोटार विकायची तर तिची साक्ष येथेच, आमच्या प्रयोगशाळेत वाचता आली पाहिजे, असे ठणकावून सांगण्यात संकोच कसला? स्वावलंबन हा सभेत टाळ्या घेण्याचा शब्द नव्हे. कलिन्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाच्या टेबलावर तो दिसला पाहिजे.

आक्षेपांचा समाचार

पहिला आक्षेप खासगीपणाचा. तो घेणारे बहुधा तेच असतात, ज्यांच्या खिशातला मोबाईल त्यांच्या प्रत्येक फेरीची खबर परदेशी कंपन्यांना खुशीने देत असतो. पण उपहास बाजूला ठेवू. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २०१७ मध्ये खासगीपणाला मूलभूत हक्क मानले, हे योग्यच झाले. त्याच निकालाने कायद्याचा आधार, न्याय्य हेतू आणि प्रमाणबद्धता असेल तर या हक्कावर मर्यादा येऊ शकते, असेही सांगितले. माणूस मेल्यानंतर, गुन्हा नोंदल्यानंतर, केवळ धडकेपूर्वीचे काही सेकंद तपासणे याहून प्रमाणबद्ध काय असू शकेल? अमेरिकेने २०१५ च्या कायद्याने ही माहिती वाहनमालकाची मानली आणि तरीही न्यायालयाच्या आदेशाने ती घेण्याचा मार्ग खुला ठेवला. सार्वजनिक रस्त्यावर दुसऱ्याच्या अंगावर घातलेला वेग ही कोणाची खासगी बाब होऊ शकत नाही.

दुसरा आक्षेप घटनेच्या २० (३) अनुच्छेदाचा. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती आरोपीवर करता येत नाही, म्हणून त्याची मोटारही बोलू नये, असा हा तर्क. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींनी ‘मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड’ या खटल्यात स्पष्ट केले की, बोटांचे ठसे वा हस्ताक्षराचा नमुना देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्षीदार होणे नव्हे. मग आरोपीच्या मुखातून एकही शब्द न काढता यंत्राने आधीच केलेली नोंद त्या संरक्षणात कशी बसेल?

तिसरा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो प्रामाणिकपणे ऐकला पाहिजे. यंत्र चुकू शकते. वेग चाकांच्या फिरण्यावरून मोजला जातो. चाक घसरले किंवा अडकले तर आकडा फसवा ठरू शकतो. धडकेत वीजपुरवठा तुटला तर नोंद अपुरी राहते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, चालकाच्या आसनावर कोण बसले होते हे ही नोंद सांगत नाही. त्यासाठी बोटांचे ठसे, एअरबॅगवरील जनुकीय नमुने आणि कॅमेऱ्याचे चित्रण लागणारच. म्हणून यंत्राची साक्ष एकमेव मानू नये, इतर पुराव्यांशी ताडून पाहावी. पण अपुरी साक्ष म्हणून साक्षच नको, हा न्याय कोणता? डोळ्यांनी पाहणाऱ्याला रातांधळेपणा असू शकतो म्हणून न्यायालयांनी प्रत्यक्षदर्शींना कधी दारातून परत पाठवलेले नाही.

आणि ही साक्ष निर्दोषालाही वाचवते. २०१० च्या सुमारास अमेरिकेत टोयोटा मोटारी आपोआप वेग घेतात असा गदारोळ झाला. सरकारी तपासात नोंदी वाचल्या तेव्हा बहुतेक प्रकरणांत ब्रेक दाबलाच गेला नव्हता, असे दिसून आले. उलट एखाद्या गरीब टॅक्सीचालकाने ब्रेक दाबला असूनही जमावाने त्यालाच गुन्हेगार ठरवले, तर त्याच्या बाजूने उभा राहणारा एकमेव साक्षीदारही हाच असेल.

भारतीय रस्त्यासाठी भारतीय मापदंड

येथे एक धोका आधीच ओळखला पाहिजे. अमेरिकेच्या नियमात वेगात क्षणार्धात ताशी ८ किलोमीटरचा फरक पडला तर नोंद गोठते. दोन मोटारी आपटल्या तर असा फरक सहज पडतो. परंतु दीड टनाच्या मोटारीने पन्नास किलो वजनाच्या पादचाऱ्याला उडवले तर मोटारीच्या वेगात तेवढा फरक पडेलच असे नाही. माणूस मरतो आणि यंत्राला धक्काच जाणवत नाही! भारतात रस्त्यावर मरणाऱ्यांत सर्वाधिक संख्या दुचाकीस्वारांची, त्याखालोखाल पादचाऱ्यांची. परदेशी मापदंड जसाच्या तसा उचलला तर हे यंत्र मोटारवाल्यांच्या आपसातील भांडणांपुरते उपयोगी ठरेल आणि पायी चालणारा पुन्हा नोंदीबाहेरच राहील. म्हणून भारतीय रस्त्यावर कोण मरतो हे पाहून येथला मापदंड ठरवला गेला पाहिजे.

मागण्या मोजक्या आहेत. मृत्यू किंवा गंभीर दुखापत झालेल्या प्रत्येक अपघातात मोटारीची नोंद काढल्याखेरीज वाहन सुपुर्तनाम्यावर सोडू नये. नोंद वाचण्याचे साधन भारतात उपलब्ध करणे प्रत्येक उत्पादकावर बंधनकारक असावे. न्यायवैद्यक तज्ज्ञाची सक्ती १०६ (१) कलमालाही लागू व्हावी. नोंदीची प्रत आरोपी आणि मृताचे कुटुंब या दोघांनाही मिळावी. आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमानुसार लागणारे प्रमाणपत्र तपास अधिकाऱ्याने पहिल्याच आठवड्यात तयार करावे. जालन्याच्या निवडणूक खटल्यात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे बजावले आहे. एका कागदावाचून खरा पुरावा बाद होऊ देणे हाही मृताचा अपमानच आहे.

कौटिल्याची आठवण

हा सगळा विचार पाश्चात्त्यांकडून उसना घ्यावा लागतो असे मात्र कोणी समजू नये. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील ‘कंटकशोधन’ या चौथ्या अधिकरणात गाडीखाली इजा झाल्यास दोष कोणाचा, याचा नेमका विचार आहे. बैलाची वेसण तुटली, जू मोडले, गाडी मागे घसरली तर हाकणारा दंडास पात्र नाही. म्हणजे यंत्रदोष आणि मनुष्यदोष यांचा विवेक तेव्हाही केला होता. आजचे यंत्र तोच विवेक आकड्यांत करते. आणि पुढे तर जणू पुण्यासाठीच लिहिले असावे असे वचन आहे. हाकणारा अल्पवयीन असेल तर गाडीत बसलेल्या मालकाला दंड करावा. पोराच्या हाती दिलेली गाडी राजाने जप्त करावी. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये १९९-अ हे कलम घालून आपण पालकाला व मालकाला तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद केली, ती दोन हजारांहून अधिक वर्षांच्या या शहाणपणाला जाग आल्यासारखीच.

येथे बोट केवळ धनदांडग्यांकडे दाखवून भागणार नाही. दहावीला चांगले गुण मिळाले म्हणून मुलाच्या हाती दुचाकी देणारा बाप मध्यमवर्गातच असतो. ‘सोसायटीच्या आवारातच चालवतो’ म्हणून सोळा वर्षांच्या मुलाला मोटारीची किल्ली देणारे घर सुशिक्षितच असते. पोलिसाने अडवले की ओळखीच्या माणसाला फोन लावणारा हातही परका नसतो. पोर्शेवाल्याबद्दल संताप व्यक्त करणाऱ्याने आपल्या घराच्या खुंटीवरची किल्ली आधी मोजावी. मोटारीला स्मरणशक्ती आली आहे. ती जशी शेजाऱ्याविरुद्ध बोलेल, तशी आपल्या मुलाविरुद्धही बोलेल. ते ज्याला मान्य नाही, त्याला न्यायाची मागणी करण्याचा अधिकार नाही.

पदपथावर झोपणाऱ्याचा वकील नसतो, प्रसिद्धी नसते, ओळख नसते. त्याच्या वतीने बोलायला त्या रात्री रस्त्यावर एकच साक्षीदार हजर असतो, आणि तो त्याला चिरडणाऱ्या मोटारीतच बसलेला असतो. भय, लोभ आणि विस्मरण या तिन्हींपासून मुक्त असा साक्षीदार भारतीय न्यायालयाला प्रथमच मिळाला आहे. त्याला भंगारवाल्याच्या वजनकाट्यावर पाठवायचे की साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करायचे, हे गृहखात्याने ठरवायचे आहे. आणि गृहखाते ठरवत नसेल तर समाजाने ते ठरवायला भाग पाडायचे आहे.